चौकशी कुणाच्या खोलीत झाली?

१ ऑक्टोबर २००९. इंग्लंडमधल्या सरे परगण्याचे पोलीस जिमी सॅव्हिलची चौकशी करायला गेले. सॅव्हिल म्हणजे बीबीसीचा घराघरांत पोचलेला निवेदक, रुग्णालयांसाठी कोट्यवधी पौंड गोळा करणारा दानशूर. नावाआधी 'सर' लागलेलं आणि मार्गारेट थॅचरपासून राजघराण्यापर्यंत ऊठबस. त्याला ठाण्यात बोलावलं गेलं नाही. पोलीसच स्टोक मँडव्हिल रुग्णालयात गेले, तिथे त्याचं स्वतःचं ऑफिस होतं. खुर्ची त्याची, टेबल त्याचं, आणि बोलता बोलता वकिलांचा धाक घालणाराही तोच.

चार स्त्रियांनी त्याच्यावर लैंगिक अत्याचाराचे आरोप केले होते, घटना बऱ्याच जुन्या. 'तक्रारदार खटल्याला तयार नाहीत' असं म्हणून प्रकरण मिटलं. सॅव्हिल २०११ साली ८४व्या वर्षी मानमरातबात गेला. पुढच्याच वर्षी टीव्हीवरच्या एका शोधपटाने धरण फुटलं. सुमारे ४५० लोक पोलिसांकडे आले आणि २१४ गुन्ह्यांची नोंद झाली. मग सरकारी वकील ॲलिसन लेव्हिट यांनी २००९ची फाइल पुन्हा उघडली, तेव्हा एक साधी गोष्ट निघाली. चौघींपैकी एकीलाही, 'तुझ्यासारखीच तक्रार दुसऱ्या कुणीतरी केली आहे' हे सांगितलंच नव्हतं. प्रत्येकीला वाटत होतं, आपण एकट्याच. एवढी माहिती मिळाली असती तर त्या बहुधा साक्षीला उभ्या राहिल्या असत्या, असं लेव्हिट यांनी लिहिलं.

मोठ्या माणसावर आरोप झाला की आपण लगेच 'बाई खरं बोलते की खोटं' यावर येतो. चहाच्या टपरीवर, सोसायटीच्या ग्रुपवर, सगळीकडे. त्याआधीचा प्रश्न राहूनच जातो: हा पुरावा तयार झाला कसा? कुणाच्या खोलीत, कुणाच्या देखत, कुणाच्या भीतीखाली?

जुन्या वाण्याच्या दुकानातली तागडी आठवा. रिकामी असतानाच एक पारडं खाली झुकलेलं असेल, तर दुसऱ्या पारड्यात खडा टाकून ती सरळ करायचे. त्या खड्याला पासंग म्हणतात. आरोपी वजनदार असेल तर तागडी आधीच झुकलेली असते, म्हणून पासंग धरावा लागतो. पण पासंग म्हणजे माल नव्हे. तो टाकल्यावरही वजन करावंच लागतं. या विषयातली बहुतेक भांडणं यातलं एक विसरल्याने होतात.

झुकलेली तागडी बघायला इंग्लंडला जायची गरज नाही. २६ मार्च १९७२, देसाईगंज, तेव्हाचा चंद्रपूर जिल्हा. एका अल्पवयीन आदिवासी मुलीला जबाबासाठी रात्री पोलीस ठाण्यात आणलं. जबाब झाला, घरचे बाहेर गेले, तिला मात्र आत थांबवून घेतलं. आरोप ठाण्यातल्याच दोन पोलिसांवर होता. सत्र न्यायालयाने त्यांना सोडलं. नागपूर खंडपीठाने दोषी धरलं आणि फरक नेमका सांगितला: संमती वेगळी, आणि भीतीपोटी निमूट सोसणं वेगळं. सर्वोच्च न्यायालयाने १९७८मध्ये पुन्हा निर्दोष सोडलं. का, तर अंगावर जखमा नाहीत आणि तिने आरडाओरडा केला नाही. पोलीस ठाण्यात, रात्री, पोलिसांविरुद्ध आरडाओरडा कुणाला ऐकू जाण्यासाठी करायचा?

पुढच्या वर्षी उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या चार कायद्याच्या अभ्यासकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. देशभर मोर्चे निघाले. १९८३मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्काराच्या खटल्यात संबंध सिद्ध झाला आणि बाईने 'माझी संमती नव्हती' असं सांगितलं, तर न्यायालय संमती नव्हती असंच गृहीत धरतं. उलट सिद्ध करायची जबाबदारी आरोपीवर जाते. हा कायद्याने टाकलेला पासंग. तो सगळ्या पुरुषांना लागू नाही, ज्यांच्या हाती त्या क्षणी अधिकार होता त्यांना मुख्यतः लागू आहे. आणि 'संबंध झाला' हे आधी सरकार पक्षालाच सिद्ध करावं लागतं. गंमत अशी की 'हल्ली बाईने बोट दाखवलं की पुरुष आत' असं म्हणणाऱ्यांनी आणि 'बाई म्हणते ते कायदा मानतोच' असं म्हणणाऱ्यांनी, दोघांनीही हे कलम पूर्ण वाचलेलं नसतं.

आता नेहमीचा सवाल: 'इतकी वर्षं गप्प का होती?' प्रश्न चुकीचा नाही, अर्धा आहे. उशीर कशाला झाला ते आधी बघायचं. पहिल्यांदा कुणाला तरी सांगायला उशीर झाला, की फिर्याद नोंदवून घ्यायला? हरियाणातलं पंचकुलाचं प्रकरण घ्या. ऑगस्ट १९९०मध्ये चौदा वर्षांच्या एका टेनिसपटू मुलीने पोलीस महानिरीक्षक एस. पी. एस. राठोड याच्यावर विनयभंगाचा आरोप केला. काही दिवसांतच तिच्या घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनी वरपर्यंत लेखी निवेदन दिलं. महिन्याभरात राज्याच्या पोलीस महासंचालकांनीच चौकशी करून गुन्हा नोंदवावा असं लिहून दिलं. गुन्हा नोंदला गेला १९९९मध्ये. मधल्या काळात मुलीला शाळेतून काढलं, भावावर वाहनचोरीचे गुन्हे लागले, ज्यांत पुढे काहीच सिद्ध झालं नाही, आणि १९९३मध्ये मुलीने विष घेतलं. राठोड मात्र बढत्या घेत महासंचालक झाला. डिसेंबर २००९मध्ये शिक्षा झाली सहा महिने आणि हजार रुपये दंड. अपिलात ती वाढून दीड वर्ष झाली. २०१६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोष कायम ठेवला, पण भोगली तेवढी कैद पुरे मानली.

कागदावर इथे नऊ वर्षांचा उशीर दिसतो. त्यातला मुलीचा किती? काही दिवस. बाकीची वर्षं यंत्रणेची, आणि त्या यंत्रणेत आरोपी बसलेला. या खटल्यात सगळ्यात वजनदार पुरावा ठरली ती मुलीची मैत्रीण. घटना घडली तेव्हा तीही शाळकरीच होती. तिने पहिल्या दिवशी जे सांगितलं तेच एकोणीस वर्षांनी सांगितलं. म्हणून बातमी वाचताना 'किती वर्षांनी बोलली' यापेक्षा 'त्या वेळी कुणाला काही बोलली होती का' हे शोधावं: बहिणीला केलेला फोन, डायरीचं पान, डॉक्टरांना सांगितलेली तक्रार, अचानक सोडलेली नोकरी. त्या दिवसांत कुणाला माहीत नसतं की हे पुढे कोर्टात लागणार आहे, म्हणूनच अशा गोष्टींना किंमत असते.

दुसरा सवाल तिच्या वागण्याचा. हसली का, दुसऱ्या दिवशी कामावर गेली का, त्याच माणसाला मेसेज का केला. इथे गोव्यातला खटला समोर ठेवावा लागेल. नोव्हेंबर २०१३मध्ये 'तहलका'चे संपादक तरुण तेजपाल यांच्यावर त्यांच्याच सहकारी पत्रकार तरुणीने हॉटेलच्या लिफ्टमधल्या अत्याचाराचा आरोप केला. म्हापशाच्या सत्र न्यायालयाने मे २०२१मध्ये त्यांची निर्दोष मुक्तता केली. पाचशेहून अधिक पानांच्या निकालात तपासातल्या त्रुटींवर ताशेरे होते, सीसीटीव्ही चित्रणाच्या हाताळणीसकट. हा भाग गंभीर आहे. पोलिसांनी पुरावा नीट जपला नाही तर त्याचा फायदा आरोपीला मिळणारच आणि मिळायलाच हवा. पण त्याच निकालात असंही होतं की पीडित स्त्री जशी वागेल असं अपेक्षित असतं, तशी ही तरुणी वागलेली दिसत नाही. गोवा सरकारने अपील केलं, त्यात याच तर्कावर बोट ठेवलं.

अत्याचारानंतर माणूस 'असा' वागतो, असा साचा कुठेच नाही. कुणी कोसळतं, कुणी गोठतं, कुणी दुसऱ्या दिवशी डबा भरून ऑफिसला जातं, कारण पगार तिथूनच येतो आणि पगारपत्रकावर सही आरोपीची असते. वागणं पुरावा होऊच शकत नाही असं नाही. ती म्हणते मी त्या रात्री त्या गावातच होते, आणि तिकीट दुसऱ्या गावचं निघालं, तर ते तपासण्याजोगं आहे. 'फोटोत हसते आहे' हे मात्र काहीच सिद्ध करत नाही.

आणि चारित्र्य? त्यासाठी भिवंडीचा एक खटला वाचण्यासारखा आहे. १९६५ साली रात्री एक गणवेशातला पोलीस निरीक्षक एका बाईच्या झोपडीत शिरला, अशी तक्रार होती. खात्याने त्याला बडतर्फ केलं. मुंबई उच्च न्यायालयाने निकाल फिरवताना म्हटलं की जी बाई आपले अनैतिक संबंध लपवतही नाही, तिच्या एकटीच्या शब्दावर सरकारी अधिकाऱ्याची कारकीर्द पणाला लावणं धोक्याचं. सर्वोच्च न्यायालयाने १९९०मध्ये हे खोडून काढलं. अशा बाईलाही खाजगीपणाचा हक्क आहे, कुणीही वाटेल तेव्हा तिच्या घरात शिरू शकत नाही. मात्र न्यायालयाने तिचा शब्द डोळे मिटून घ्या असंही म्हटलं नाही. सावधपणे तोला म्हटलं, पण तोला. उच्च न्यायालयाच्या वाक्यात काय तोललं गेलं होतं पाहा: एका पारड्यात पुरावा नव्हताच, त्याची कारकीर्द होती.

जबाबातल्या तफावतीवर उलटतपासणीचा सगळा डोलारा असतो. पोलिसांपुढचा जबाब, दंडाधिकाऱ्यांपुढचा जबाब, कोर्टातली साक्ष, तिन्ही शब्दाला शब्द जुळत नाहीत. कधीच जुळत नाहीत. पोलिसातला जबाब बाईच्या शब्दांत नसतोच, तो लिहून घेणाऱ्या हवालदाराच्या मराठीत असतो: 'सदर इसमाने माझ्याशी लगट केली.' कुडत्याचा रंग, घड्याळातली वेळ, दार आधी की दिवा आधी, इथे फरक पडणं साहजिक आहे. गाभा मात्र हलता कामा नये: कोण, कुठे, काय केलं. तिन्ही जबाब घोकल्यासारखे एकसारखे असतील, तर उलट अनुभवी वकिलाचे कान टवकारतात.

आणि गाभा हललेला कसा दिसतो? त्यासाठी परत इंग्लंड.

सॅव्हिल प्रकरणाने ब्रिटिश पोलिसांची इतकी नाचक्की झाली की गाडी दुसऱ्या टोकाला गेली. तक्रारदारावर आधी विश्वासच ठेवायचा, असं धोरण रूढ झालं. २०१४मध्ये लंडनच्या पोलिसांकडे 'निक' या टोपणनावाने एक माणूस आला. १९७०-८०च्या दशकांत बड्या राजकारण्यांच्या, लष्करी आणि गुप्तचर अधिकाऱ्यांच्या टोळीने आपला छळ केला, तीन मुलांचे खून केले, असं त्याचं म्हणणं. नावं घेतली ती माजी पंतप्रधान एडवर्ड हीथ, माजी गृहमंत्री लिऑन ब्रिटन, माजी लष्करप्रमुख लॉर्ड ब्रॅमल, माजी खासदार हार्वे प्रॉक्टर यांची. तपास धड सुरूही नव्हता झाला, तोवर एका वरिष्ठ अधिकाऱ्याने पत्रकारांपुढे त्याचं सांगणं 'विश्वसनीय आणि खरं' असल्याचं जाहीर केलं. घरांवर छापे पडले. ब्रॅमल तेव्हा नव्वदी ओलांडलेले, पत्नी आजारी. लिऑन ब्रिटन आपलं नाव स्वच्छ झालेलं बघायच्या आतच वारले. प्रॉक्टर यांची नोकरी गेली, घर गेलं.

निक म्हणजे कार्ल बीच. २०१२मध्ये तो पोलिसांशी बोलला तेव्हा गोष्ट लहान होती, त्यात सॅव्हिलचं नाव होतं, खून नव्हते. पुढे प्रत्येक सांगण्यात नावं मोठी होत गेली आणि गुन्हेही. गाभा हलतो तो असा. त्याच्या डोळ्यांदेखत गाडीखाली चिरडला गेलेला म्हणे एक शाळासोबती होता. असा मुलगा अस्तित्वातच नव्हता. आणि सगळ्यात भारी म्हणजे 'फ्रेड'. हा त्याचा साक्षीदार, तोही बळी, पोलिसांशी फक्त ईमेलवर बोलणारा. दुसऱ्या परगण्याच्या पोलिसांनी तपास हाती घेतल्यावर कळलं की फ्रेडचं ईमेल खातं बीचनेच उघडलेलं. तक्रारदारही तोच, साक्षीदारही तोच. जुलै २०१९मध्ये त्याला १८ वर्षांची शिक्षा झाली. निवृत्त न्यायाधीश रिचर्ड हेन्रिक्स यांनी पोलिसांच्या त्रेचाळीस चुका मोजल्या.

या दोन तपासांत जेमतेम पाच वर्षांचं अंतर. एकात तक्रारदारांना एकमेकींपासून लांब ठेवून खरं बुडवलं, दुसऱ्यात जुजबी पडताळणीही न करता खोटं डोक्यावर घेतलं. 'फ्रेडला प्रत्यक्ष भेटू द्या' एवढा हट्ट कुणी धरला असता तरी पुरलं असतं. तक्रारदाराशी माणुसकीने वागणं आणि तक्रार तपासणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं दाखवायला दुसरं सोडावं लागत नाही.

अनेकजणी पुढे आल्या की आरोपाला वजन येतं, हे बरोबर. पण आकडा मोजण्याआधी त्या एकमेकींपासून स्वतंत्र आहेत का ते पाहावं. एकमेकींना न ओळखणाऱ्या, वेगळ्या गावांतल्या, वेगळ्या वर्षांतल्या बायका बारकाव्यांसह तीच पद्धत सांगत असतील, तर ते योगायोगाने होणं अवघड. एकाच बैठकीनंतर आलेल्या दहा तक्रारींचा हिशोब वेगळा. न्यायालय इथे आपल्याहून कडक असतं. हॉलिवूडचा निर्माता हार्वे वाइनस्टीनची न्यू यॉर्कमधली २०२०ची शिक्षा वरच्या न्यायालयाने २०२४मध्ये रद्द केली ती याच मुद्द्यावर: ज्यांचे आरोप खटल्याचा भागच नव्हते, अशा बायकांच्या साक्षी ज्यूरीपुढे यायला नको होत्या. फेरखटल्यात २०२५मध्ये एका आरोपावर तो पुन्हा दोषी ठरला, एकावर निर्दोष.

निनावी पत्राचं काय? एरवी ते थेट केराच्या टोपलीत जातं. २००२मध्ये तत्कालीन पंतप्रधान वाजपेयींच्या नावे असंच एक पत्र गेलं, सिरसाच्या डेरा सच्चा सौदाचा प्रमुख गुरमीत राम रहीम याच्याविरुद्ध, एका साध्वीचं. सही नाही. पुरावा म्हणून त्या कागदाची किंमत शून्य होती, दिशा म्हणून भरपूर. पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाने दखल घेतली, तपास सीबीआयकडे दिला. दरम्यान ते पत्र छापणारे 'पूरा सच'चे संपादक रामचंदर छत्रपती यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. ते वाचले नाहीत. दोन साध्वी शेवटपर्यंत साक्षीवर ठाम राहिल्या आणि पंधरा वर्षांनी, ऑगस्ट २०१७मध्ये, राम रहीमला वीस वर्षांची शिक्षा झाली. तेव्हा पत्रावर सही का नव्हती, याचं उत्तर छत्रपतींच्या घराच्या दारात मिळालं होतं.

साक्षीदार फितूर होणं आणि फिर्यादीने 'माझी तक्रार नाही' म्हणणं यांचाही सरळ अर्थ लावू नये. १९९४च्या जळगावच्या लैंगिक शोषण प्रकरणात स्थानिक राजकारणी आणि पैसेवाल्यांची नावं आली, गाजावाजा देशभर झाला, पण कोर्टात उभं राहायला अगदी थोड्या बायका पुढे आल्या. मुलीचं लग्न, नवऱ्याची नोकरी, गावात तोंड दाखवणं, सगळं त्यात आलं. तडजोड झाली म्हणजे आरोप खोटा होता असं नाही, आणि खरा होता असंही तेवढ्याने ठरत नाही. तो कागद तागडीवर जवळजवळ काहीच टाकत नाही.

शेवटी, निकालांच्या भाषेबद्दल, कारण बातम्यांत इथेच सगळ्यात जास्त गफलत होते. आपल्याकडे पोलीस तपास बंद करताना 'समरी' पाठवतात. ए समरी म्हणजे गुन्हा खरा, पण आरोपी सापडला नाही किंवा पुरावा मिळाला नाही. बी समरी म्हणजे तक्रार जाणूनबुजून खोटी. सी समरी म्हणजे खरीही नाही, खोटीही नाही. गैरसमजातून झालेली किंवा दिवाणी स्वरूपाची. पुढाऱ्यावरच्या गुन्ह्यात सी समरी आली की समर्थक 'क्लीन चिट' म्हणून पेढे वाटतात. आणि समरी हे फक्त पोलिसांचं मत. दंडाधिकारी ते फेटाळून पुढे तपास करा म्हणू शकतात.

निर्दोष सुटण्यातही दोन तऱ्हा. 'आरोप खोटा आहे' असं न्यायालय म्हणतं ते क्वचित. बहुतेकदा संशयाचा फायदा दिलेला असतो, कारण फौजदारी खटल्यात वाजवी शंकेपलीकडे सिद्ध करावं लागतं. कामाच्या ठिकाणची तक्रार समिती किंवा दिवाणी न्यायालय 'जास्त शक्य काय' एवढंच बघतं. अमेरिकेत लेखिका ई. जीन कॅरल यांच्या दाव्यात डोनाल्ड ट्रम्प यांना लैंगिक अत्याचार आणि बदनामी यांसाठी जबाबदार धरून ५० लाख डॉलर द्यायला सांगितलं गेलं २०२३मध्ये, ते दिवाणी कोर्टात. ट्रम्प आरोप नाकारतात. त्याला 'गुन्हेगार ठरले' म्हणणं चूक, 'काहीच सिद्ध झालं नाही' म्हणणंही चूक. दिल्लीत माजी मंत्री एम. जे. अकबर यांनी, त्यांच्यावर लैंगिक छळाचा आरोप करणाऱ्या पत्रकार प्रिया रमाणी यांच्यावर बदनामीचा खटला भरला. अकबर यांनी आरोप नाकारले होते. न्यायालयाने २०२१मध्ये रमाणींना निर्दोष सोडलं आणि बाई अनेक वर्षांनीही, हव्या त्या व्यासपीठावर आपली तक्रार मांडू शकते असं म्हटलं. त्या खटल्यात आरोपी रमाणी होत्या, हे निम्म्या वाचकांच्या ध्यानातही राहिलं नसेल.

सॅव्हिलवर तर कधी आरोपपत्रच दाखल झालं नाही. स्कारबरोच्या दफनभूमीत त्याच्या थडग्यावर बसवलेला भला मोठा कोरीव दगड घरच्यांनी ऑक्टोबर २०१२मध्ये रातोरात काढून नेला. पण न्यायालयाच्या दफ्तरात त्याच्या नावापुढे आजही एकही दोषसिद्धी नाही.